भोसरीतल्या शॉपमधल्या ब्रेस-जोडण्या: ताकद पुरेपूर, डक्टिलिटी मात्र मागून घ्यावी लागते

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फॅब्रिकेशन शॉपने चार मजली ऑफिस इमारतीच्या पोलादी सांगाड्यासाठी ब्रेस (चौकटीत तिरपे बसणारे दांडे) आणि गसेट (ब्रेस बीम-कॉलमला जोडणाऱ्या पोलादी प्लेट) बनवून दिले, त्या कामाचं हे परीक्षण. शॉपचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. खाली ज्या उणिवा येतील त्या पुण्याच्या आसपासच्या बऱ्याच शॉपमध्ये दिसतात, आणि एकाच्याच माथी त्या मारणं बरोबर नाही. काम मागवणाऱ्या इंजिनिअरला आणि मालकाला ड्रॉइंगवर काय लिहावं, माल ताब्यात घेताना कुठे बोट ठेवावं, हे कळावं एवढ्यासाठी हा तपशील.

आधी कामाचा आकार. बे (दोन कॉलममधला गाळा) ६ मीटरचा, मजला ३.६ मीटरचा, म्हणजे तिरपा ब्रेस अक्षावर ७ मीटर आणि दोन्ही गसेटमधला मोकळा भाग सुमारे ५.८ मीटर. ट्यूब १५० × १५० × ६, आयएस (भारतीय मानक) ४९२३ ची, वायएसटी ३१० ग्रेड, म्हणजे यील्ड (पोलाद कायमचं ताणू लागतं तो ताण) ३१० न्यूटन प्रति चौ. मिमी, क्षेत्रफळ ३३६३ चौ. मिमी. गसेट १२ मिमी, आयएस २०६२ ई२५०, म्हणजे यील्ड २५०. खालच्या दोन मजल्यांवर ब्रेस साइटवर वेल्ड करायचे, वरच्या दोन मजल्यांवर बोल्टने जोडायचे.

पुणे आयएस १८९३:२०१६ या भूकंपाच्या कोडप्रमाणे झोन ३ मध्ये, झोन गुणांक ०.१६. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या पट्ट्यात झाला तो इथून फार दूर नाही. त्यामुळे "पुण्यात वाऱ्याचंच बल जास्त येतं, भूकंपाचं डिटेलिंग कशाला" हा शॉपमध्ये आणि कधीकधी डिझाइन ऑफिसातही ऐकू येणारा सूर मान्य होण्यासारखा नाही. कॉन्सेंट्रिक ब्रेसच्या (अक्ष एका बिंदूत मिळणाऱ्या) फ्रेमला कोड आर, म्हणजे बल कमी करायचा भाजक, ४ (ऑर्डिनरी फ्रेम) किंवा ४.५ (कडक डिटेलिंगची स्पेशल फ्रेम) देतो. म्हणजे खरं बल त्याच्या चौथ्या हिश्श्यावर आणून डिझाइन करायला परवानगी देतो. उरलेला हिशेब ब्रेसने वाकून आणि ताणून चुकवायचा असतो; न तुटता असं वाकण्या-ताणण्याची क्षमता म्हणजे डक्टिलिटी. तो चुकवेपर्यंत जोडणी टिकली पाहिजे, इतकाच या सगळ्याचा अर्थ.

शॉपशी पहिला वाद होतो तो इथेच. ड्रॉइंगवर ब्रेसचं डिझाइन बल ३०० किलोन्यूटनच्या आसपास लिहिलेलं असतं आणि जोडणी मात्र १२५१ किलोन्यूटनसाठी मागितलेली असते. शॉपचा डिटेलर फोन करून विचारतो, साहेब, शून्य चुकून जास्त पडलं का? चुकलेलं काही नाही. हा ब्रेस दाबात सुमारे ४३० किलोन्यूटनला बकल होतो (बाजूला फुगून वाकतो), पण ताणात ३१० × ३३६३, म्हणजे १०४२ किलोन्यूटनला यील्ड होतो. भूकंपात एक ब्रेस बकल झाला की समोरचा ताणात यील्डपर्यंत जातो, आणि त्या वेळी जोडणीवर येणारं बल ब्रेस ठरवतो, संगणकातलं लोड कॉम्बिनेशन नाही. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या कोडमध्ये ऑर्डिनरी फ्रेमसाठी १.२ × यील्ड × क्षेत्रफळ (इथे १२५१) आणि स्पेशल फ्रेमसाठी १.१ हा गुणांक आहे. ऑर्डिनरी फ्रेममध्ये अडीचपट भूकंपबलाच्या कॉम्बिनेशनमधून येणारं बल कमी असेल तर ते घ्यायची मुभाही आहे. ती मुभा न घेता १.२ वरच राहावं असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण मिल सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा चाचणी दाखला) उघडलं की ट्यूबचं खरं यील्ड ३१० च्या बरंच वर निघतं. ब्रेस जितका जास्त ताकदवान निघेल तितकी जोडणी संकटात. नवं काम हाती घेणाऱ्यांनी आयएस १८१६८:२०२३ हा पोलादी इमारतींच्या भूकंपरोधक आखणीचा स्वतंत्र कोड समोर ठेवूनच गुणांक ठरवावेत.

आता शॉपचं कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. प्लेट कटिंग सीएनसी प्लाझ्मावर, कडा ग्राइंड केलेल्या, बोल्टची भोकं ड्रिल केलेली, एम२४ ला २६ मिमी, पंच केलेलं एकही नाही. प्रत्येक गसेटवर हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतलं त्याचा क्रमांक) पंच केलेला आणि तो मिल सर्टिफिकेटशी जुळणारा. कॉलमच्या फ्लँजला गसेट जोडताना दोन्ही बाजूंनी बेव्हल (तिरपी कापलेली कड), मुळाशी गाउजिंग (कोरून साफ करणं) आणि पूर्ण पेनिट्रेशनचा, म्हणजे प्लेटच्या पूर्ण जाडीत भरलेला, वेल्ड. आयएस ८०० ला भूकंपाच्या फ्रेममध्ये हेच हवं असतं. अल्ट्रासॉनिक तपासणीचे रिपोर्ट मागायच्या आधी मिळाले. ७०१८ च्या लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड ओव्हनमधून निघतात आणि वेल्डरच्या हातात ऊबदार डब्यात येतात. हे बारीक वाटेल, पण जुलै-ऑगस्टच्या पुण्यात उघड्या पडलेल्या लो-हायड्रोजन रॉडमध्ये ओल शिरायला वेळ लागत नाही, आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्ड थंड झाल्यावर तडे पाडतो, तेही बाहेरून न दिसणारे. अमेरिकन वेल्डिंग कोड एडब्ल्यूएस डी१.१ प्रमाणे ७०१८ ची रॉड १२० अंशांवर ठेवायची आणि बाहेर काढल्यावर चार तासांत संपवायची. शॉपमध्ये हे पाळलं जातं. साइटवर त्याच शॉपचे वेल्डर आले तेव्हा ओव्हन मात्र आला नाही. तो ऑर्डरमध्ये लिहून घ्यावा लागतो.

खरी गोम ट्यूबच्या स्लॉटमध्ये आहे. ट्यूबच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत १४ मिमी रुंद फट कापायची, त्यात १२ मिमी गसेट सरकवायची आणि चार कडांनी फिलेट (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी) वेल्ड मारायचा. दिसायला सोपं आणि देखणं. पण गसेटच्या टोकापाशी ट्यूबचा छेद फटीमुळे कमी झालेला असतो, आणि ज्या दोन भिंती गसेटला थेट चिकटलेल्या नाहीत त्यांच्यातलं बल वळसा घालून येतं. या वळशाला शिअर लॅग म्हणतात. आयएस ८०० मधलं त्याचं सूत्र अँगलसारख्या छेदांसाठी आहे. स्लॉटेड ट्यूबसाठी अमेरिकन पोलाद कोड एआयएससी ३६० कडे जावं लागतं. ३५० मिमी ओव्हरलॅप धरला तर निव्वळ क्षेत्रफळ ३१९५, शिअर लॅगचा गुणक ०.८४, परिणामी क्षेत्रफळ २६८० च्या आसपास. ४५० च्या तुटताणाने आणि कोडच्या गुणांकांनी ताकद येते ८६९ किलोन्यूटन. हवे आहेत १२५१. म्हणजे ट्यूब मधल्या लांबीत यील्ड होण्याआधी गसेटच्या टोकाशी फाटते, आणि डक्टिलिटी म्हणून जे काही हिशेबात धरलं होतं ते त्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये संपतं.

याला उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. फट नसलेल्या दोन भिंतींवर १०० × १० च्या पट्ट्या वेल्ड करायच्या. क्षेत्रफळ ५१९५ होतं, गुणक थोडा उतरून ०.८१, आणि ताकद १३६९ किलोन्यूटनवर जाते. पट्टीची लांबी गसेटच्या टोकापासून दोन्ही बाजूंना किमान २२० मिमी, म्हणजे एकूण ४५० मिमी घ्यावी, तरच ६ मिमी फिलेटने तिचं पूर्ण बल आत उतरतं. शॉपने पहिल्या लॉटला पट्ट्या ई२५० च्या लावल्या होत्या, कारण भंगारात तेवढे तुकडे पडलेले होते. ते चालत नाही. पट्टीचं यील्ड ब्रेसच्या यील्डपेक्षा कमी असू नये; ३१० ची ट्यूब असेल तर पट्टी ई३५० ची हवी. सांगितल्यावर शॉपने कुरकुर न करता बदलून दिल्या, ही त्यांची जमेची बाजू.

स्लॉटचं टोक जवळून पाहा. चांगल्या कामात आधी १६ मिमीचं गोल भोक पाडतात आणि मग तिथपर्यंत फट कापतात, म्हणजे फटीचा शेवट गोल राहतो. या शॉपने ट्यूबवर तसंच केलं. पण साइटवर गसेट नीट सरकेना तेव्हा हेल्परने गॅस कटरने फट पुढे वाढवली. सरळ कोपऱ्याची, खाचा पडलेली, गसेटच्या टोकापासून ३५ मिमी पुढे गेलेली फट. पट्ट्यांमुळे तिथे ताकद होती म्हणून निभावलं. पट्ट्या नसत्या तर ब्रेस काढून टाकायला लागला असता. गसेट सरकायला दोन्ही अंगांची १-१ मिमीची मोकळीक कमी पडत असेल तर फट शॉपमध्येच १५ मिमी मागावी आणि साइटवर कटर लावायला लेखी मनाई असावी.

वेल्डचाही हिशेब शॉप आणि साइट यांत बदलतो. ३५० मिमीच्या चार रेघा, ८ मिमी फिलेट: शॉपमध्ये केला तर ताकद १४८५ किलोन्यूटन, साइटवर १२३७. आयएस ८०० शॉप-वेल्डला १.२५ आणि साइट-वेल्डला १.५ चा गुणांक लावतो, त्याचा हा परिणाम. पहिला आकडा १२५१ पार करतो, दुसरा किंचित अडतो. खालच्या दोन मजल्यांवर म्हणून ओव्हरलॅप ३७५ मिमी केला. शॉपच्या ड्रॉइंगवर दोन्हींसाठी एकच डिटेल होतं. ड्रॉइंग मंजूर करताना ही नोंद सुटू देऊ नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहायला घेतलं ती. ब्रेस बकल होतो म्हणजे किती? मजला २ टक्के सरकला तर, ३.६ मीटरला ७२ मिमी, ब्रेसच्या दिशेने सुमारे ६२ मिमी आखडणं. ५.८ मीटरचा ब्रेस मधोमध भिंतीच्या पातळीबाहेर ४२ सेंटिमीटर फुगतो, आणि दोन्ही टोकांना गसेट ८ अंशांहून जास्त वळते. हे वळण गसेटने घ्यायचं असतं, वेल्डने नाही. त्यासाठी ट्यूबचं टोक आणि गसेट जिथे बीम-कॉलमला घट्ट धरली आहे तिथली सर्वात जवळची रेघ यांच्यामध्ये गसेटच्या जाडीच्या दुप्पट मोकळी जागा सोडतात. १२ मिमीला २४ मिमी. तेवढ्या जागेत प्लेट घडी घालावी तशी वाकते; हीच घडीची रेघ. या गसेटची वाकण्याची ताकद त्या रेघेवर सुमारे ५ किलोन्यूटन-मीटर, ट्यूबची ५० च्या वर. वाकायचं काम कोण करणार हे ठरलेलं आहे, फक्त जागा मोकळी राहायला हवी.

आणि नेमकी ती जागा शॉपला मोकळी बघवत नाही. काही गसेटच्या मोकळ्या कडेवर शॉपच्या फिटरने १० मिमीचे स्टिफनर लावून पाठवले होते, ड्रॉइंगमध्ये नसलेले. हेतू वाईट नव्हता; प्लेट लांब आणि उघडी दिसली, तिला आधार दिला. पण तो स्टिफनर घडीच्या रेघेवरून जातो, गसेट वाकू शकत नाही, आणि सगळं वळण कॉलमजवळच्या वेल्डवर येतं. तिथे वेल्ड वाकत नाही, फाटतो. ताकदीच्या हिशेबात तो स्टिफनर फायद्याचा दिसतो, म्हणून तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतो. सगळे कापून काढावे लागले, कडा ग्राइंड कराव्या लागल्या आणि डाय पेनिट्रंटने तडे तपासावे लागले.

यामागे बिलाची पद्धतही आहे हे मोकळेपणाने सांगायला हवं. पुण्यात फॅब्रिकेशन किलोवर चालतं. १२ ऐवजी १६ मिमी गसेट वापरली, स्टिफनर वाढवले, तर वजन वाढतं आणि बिलही वाढतं. जागा मोकळी सोडायचे, फटीचं टोक गोल करायचे, रेघ आखायचे पैसे कुणी देत नाही. १६ मिमीची प्लेट "जास्तच मजबूत आहे" म्हणून देऊ केली जाते तेव्हा ती नाकारावी. व्हिटमोरच्या रुंदीने (बल गसेटमध्ये ३० अंशांनी पसरतं असं धरून) या गसेटला ५५४ मिमी मिळतात आणि १२ मिमीत १५११ किलोन्यूटन यील्ड येतं, गरज भागते. जाड गसेट घडीच्या रेघेवर दुपटीहून जास्त ताठ होते आणि तिला मोकळी जागाही जास्त लागते. किलोच्या दराबरोबर प्रत्येक ब्रेसच्या टोकाला वेगळा नगाचा दर ठरवला तर शॉप ही कामं आनंदाने करतं. हे करून पाहिलेलं आहे आणि फरक दिसतो.

२४ मिमी ड्रॉइंगवर लिहून भागत नाही. इरेक्शनमध्ये ब्रेस १० मिमी इकडे तिकडे सरकतो आणि मोकळी जागा १४ वर येते. ड्रॉइंगवर ३६ मिमी लिहावी, किमान २४ आणि कमाल ४८ अशी मर्यादा द्यावी. घडीची रेघ गसेटच्या दोन्ही अंगांना पेंट मार्करने आखून माल पाठवायला सांगावं. वेल्डरला समोर रेघ दिसली की ट्यूब तिच्यापुढे जात नाही. सेंटर पंचने खुणा करू देऊ नयेत, त्या नेमक्या वाकणाऱ्या भागात खाच पाडतात.

वरच्या मजल्यांच्या बोल्टच्या जोडण्यांत मापं चोख होती, पण एक चूक मोठी. एम२४, ८.८ ग्रेडचे एचएसएफजी (घट्ट आवळून प्लेटमधल्या घर्षणाने बल घेणारे) बोल्ट, दुहेरी कातर (घर्षणाचे दोन पृष्ठभाग), प्रत्येकात ०.७ × ८०० × ३५३ म्हणजे १९८ किलोन्यूटनचा ताण. पृष्ठभाग शॉट ब्लास्ट केलेला असेल तर घर्षण गुणांक ०.५, बोल्टमागे १५८ किलोन्यूटन, आठ बोल्टमध्ये काम होतं. शॉपच्या पेंटरने भिडणाऱ्या पृष्ठभागांसकट सगळ्या प्लेट तांबड्या प्रायमरने रंगवल्या. आयएस ८०० रेड लेडच्या तांबड्या रंगाला ०.१ गुणांक देतो. १५८ चे ३२ होतात. जोडणी लगेच तुटत नाही, बोल्ट भोकाच्या कडेला टेकून बल घेतात, पण त्याआधी २ मिमी सरकण्याचा धक्का दर उलट्या फेऱ्यात बसतो आणि फ्रेमची ऊर्जा जिरवण्याची ताकद कमी होते. उपाय सोपा: ब्लास्ट झाल्यावर बोल्टच्या भोवतीचा भाग मास्किंग टेपने झाकायचा, आणि ते ड्रॉइंगवर रेघोट्या मारून दाखवायचं. झिंक सिलिकेटचा रंग चालत असेल तर ०.३ धरून बोल्ट वाढवावेत. एका गोष्टीची मात्र शाबासकी: बोल्ट आयएस ३७५७, नट ६६२३, वॉशर ६६४९, तिन्ही एकाच लॉटचे आणि सर्टिफिकेटसह आले. बाजारात ८.८ चा साधा बोल्ट एचएसएफजी म्हणून खपवला जातो; डोक्यावरची खूण आणि नटची जाडी पाहिली की कळतं.

ट्यूबच्या निवडीबद्दल शॉपला दोष नाही, पण खरेदी करणाऱ्याने ऐकावं. १५० × १५० × ६ ची सपाट रुंदी भागिले जाडी २२ येते. आयएस ८०० ची प्लास्टिक छेदाची मर्यादा या ग्रेडला २६ च्या आसपास, म्हणजे पास. पण ती मर्यादा वाकण्यासाठीची आहे, पुन्हा पुन्हा बकल होऊन ताणल्या जाणाऱ्या ब्रेससाठीची नाही. एआयएससीचा भूकंपाचा कोड ३४१ स्पेशल फ्रेममध्ये अशा ब्रेसला १४-१५ च्या वर जाऊ देत नाही. पातळ भिंतीची चौकोनी ट्यूब मधोमध आत दबते, कोपऱ्यात घडी पडते आणि पुढच्या ताणात तिथेच चिरते. जोडणी कितीही चांगली असली तरी. जवळपास त्याच वजनात १२० च्या बाजूची ८ मिमी जाड ट्यूब घेतली तर गुणोत्तर १२ वर येतं. तिची स्लेंडरनेस (लांबीच्या मानाने बारीकपणा) मात्र १३० च्या जवळ जाते, ऑर्डिनरी फ्रेमची १२० ची मर्यादा ओलांडते. एआयएससी स्पेशल फ्रेमला २०० पर्यंत जाऊ देतो. निर्णय डिझायनरचा, पण तो ऑर्डर जाण्याआधी व्हायला हवा.

शॉपच्या बाहेरचं एक काम शॉपने आठवण करून दिलं, त्याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत: डेक स्लॅब ओतताना गसेटभोवती २५ मिमी थर्माकोल. काँक्रीट गसेटला चिकटलं की घडीची रेघ स्लॅबच्या वर सरकते आणि मोकळी सोडलेली जागा बुजते. भिंतीचं मात्र कुणाच्याच ध्यानात नव्हतं. ब्रेस ४२ सेंटिमीटर बाहेर येणार असेल तर त्याला लागून वीट किंवा ब्लॉकची भिंत बांधता येत नाही. एकतर भिंत ब्रेसला अडवते, नाहीतर ब्रेस भिंत पाडतो, आणि जिन्याच्या बाजूला ती पडली तर बाहेर पडायची वाट बंद. ब्रेसच्या बेमध्ये हलकं ड्रायवॉल घ्यावं आणि आर्किटेक्टच्या प्लॅनवर तो बे वेगळ्या रंगात दाखवावा.

या शॉपकडे पुन्हा काम द्यावं का? कटिंग, वेल्डिंग, कागदपत्रं या तिन्हींसाठी निःसंकोच द्यावं. पण पहिला ब्रेस, दोन्ही टोकांच्या गसेटसह, पूर्ण बनवून शॉपमध्ये तपासल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू देऊ नये, आणि त्या तपासणीला डिझायनरने स्वतः जावं. टेपने मोकळी जागा मोजायची, फटीच्या टोकात बोट घालून कोपरा गोल आहे का पाहायचं, पट्टीवरचा हीट नंबर वाचायचा, भिडणाऱ्या पृष्ठभागावर रंग नाही ना ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते माल ट्रकवर चढण्याआधीच होऊ शकतं.